सेल फुटून आत अडकलाय? टॉर्च, रिमोट, घड्याळ फेकण्याआधी हे करून बघा



मागच्या दिवाळीत मी कन्हानला घरी होते. भाऊबीजेला मामा आले. हातात फराळाचा डबा आणि काखेत कापडी पिशवी. ओवाळून झालं, चहा झाला, आणि मग त्यांनी पिशवीतून त्यांची जुनी स्टीलची तीन सेलवाली टॉर्च काढली.

"माही बॅटरी लागून नाही राहिली पाय. इंजिनिअर झाली ना तू?"

(आमच्याकडे टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्यात जे घालतात त्याला 'सेल'. या लेखात गोंधळ नको म्हणून मी टॉर्चला टॉर्च आणि सेलला सेलच म्हणणार आहे.)

मी म्हटलं, मामा, आता मोबाइलला टॉर्च असते, ही कशाला ठेवता? तेव्हा त्यांनी आठवडाभरापूर्वीची गोष्ट सांगितली. मामांची शेती पारशिवनी तालुक्यात आहे. शेतीपंपाची लाइन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. कपाशीला पाणी द्यायला ते रात्री निघाले, टॉर्चचं बटण दाबलं तर काहीच नाही. मग मोबाइलच्या उजेडात गेले. मोटर सुरू करून परत येताना धुऱ्यावर, पायापासून हातभर अंतरावर, घोणस पसरलेली दिसली. ते मागे सरले, वळसा घालून निघाले, आणि घर यायच्या आधीच मोबाइल बंद पडला. चार्जिंग संपलं होतं.

मी पुढे काही बोलले नाही. टॉर्च घेतली आणि उघडायला बसले.

मागचं झाकण फिरवलं तर फिरेना. जोर लावून उघडलं तर आत पांढरी-राखाडी बुरशीसारखी पूड. दोन सेल कसेबसे बाहेर आले, तिसरा आतच चिकटलेला. सेल फुटला होता. आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एकतरी वस्तू असते: एसीचा रिमोट, भिंतीवरचं बंद घड्याळ, आजीचं बीपी मशीन, लहान भावाची रिमोटवाली गाडी, गॅस गीझर. बहुतेक वेळा आपण ती भंगारात टाकतो. पण यातल्या बऱ्याच वस्तू अर्ध्या तासात आणि वीस-तीस रुपयांत परत चालू होतात. कशा, ते आज सविस्तर बघू.

आधी एक काम: सेल कुठला आहे ते ओळखा

पेन्सिल सेल, बारका पेन्सिल सेल, टॉर्चचा मोठा सेल हे सगळे नुसते आकार झाले. आतलं रसायन वेगळं असू शकतं, आणि साफ कशाने करायचं हे त्या रसायनावर ठरतं. सेलच्या अंगावर बारीक इंग्रजी अक्षरांत एक कोड असतो. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढा आणि झूम करा.

• कोड नुसत्या 'आर'ने सुरू होत असेल (आर०३, आर६, आर२०), तर तो कार्बन-झिंक सेल. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारे स्वस्त सेल बहुतेक हेच. 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं असलं तरी सेल याच जातीचा असतो.
• 'एल-आर'ने सुरू होत असेल (एलआर०३, एलआर६, एलआर२०), तर अल्कलाइन. थोडा महाग, जास्त टिकणारा.
• 'एच-आर' म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे चार्ज होणारा सेल.
• 'सी-आर' किंवा 'एफ-आर' म्हणजे लिथियम. गाडीच्या चावीत, वजनकाट्यात, ग्लुकोमीटरमध्ये जो चपटा नाण्यासारखा सेल असतो तो बहुतेक सी-आर २०३२.

आकड्याचा अर्थ सोपा आहे. ०३ म्हणजे बारका पेन्सिल सेल, ६ म्हणजे नेहमीचा पेन्सिल सेल, २० म्हणजे टॉर्चचा आणि गॅस गीझरचा मोठा सेल.

कोडच उडून गेला असेल तर? मग स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणा. हळद दोन थेंब पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर लावा. ओल्या इअरबडने सेलवरची थोडीशी पूड उचलून त्या पिवळ्या डागावर टेकवा. डाग लालसर-तपकिरी झाला तर ती पूड अल्कली आहे, म्हणजे सेल अल्कलाइन. पिवळाच राहिला तर साधारणपणे कार्बन-झिंक. हळदीत चुना मिसळला की लाल कुंकू होतं, तीच ही गंमत. ही पूड हाताला लागू देऊ नका, आणि वापरलेली हळद परत डब्यात टाकू नका, हे सांगायला नकोच.

मामांच्या टॉर्चमधले दोन सेल आर२० होते. अडकलेला दिसत नव्हता, पण हळद पिवळीच राहिली. म्हणजे तिन्ही कार्बन-झिंक.

सेल फुटतो म्हणजे नक्की काय होतं?

कार्बन-झिंक सेलची कल्पना खूप जुनी आहे. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ साली बनवलेल्या सेलचाच हा कोरडा वंशज. यात बाहेरचा जस्ताचा डबा हाच ऋण टोक असतो. मधे कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड, आणि दोघांमध्ये नवसागर किंवा झिंक क्लोराइडचा ओला लगदा. सेल वापरला की जस्त खर्च होतं. म्हणजे ज्या डब्यात माल ठेवलाय तो डबाच सेल जाळतो! जसजसा सेल संपतो तसतसा डबा पातळ होतो, मग त्याला बारीक भोकं पडतात आणि आतला लगदा बाहेर झिरपतो. हा लगदा किंचित आम्लधर्मी असतो.

अल्कलाइन सेलची रचना उलटी असते. बाहेर स्टीलचा डबा, आत जस्ताची भुकटी, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीव्र अल्कली द्रावण. इथे डबा खर्च होत नाही. पण जस्त हळूहळू गंजतं, त्यातून हायड्रोजन वायू तयार होतो आणि आतला दाब वाढत जातो. सेलचा स्फोट होऊ नये म्हणून ऋण टोकाच्या प्लॅस्टिक सीलमध्ये मुद्दाम एक कमजोर जागा ठेवलेली असते. दाब वाढला की ती उघडते. वायूसोबत द्रावणही बाहेर येतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन पोटॅशियम कार्बोनेट होतं. आपल्याला दिसणारे पांढरे खडे ते हेच. पत्रीवर हिरवा-निळा रंग दिसला तर तो तांब्याचा गंज.

त्या काळ्या पुडीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कन्हानहून जबलपूर हायवेने निघालं की मनसर लागतं, तिथे मँगनीजची खाण आहे. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड सेलच्या उद्योगाला लागतं. तिथे विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा प्लांटही आहे. या खाणी चालवणाऱ्या मॉयल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे. तेव्हा रिमोट उघडल्यावर हाताला लागणारी काळी पूड आपल्याच मातीतली असू शकते.

सेल का फुटतात?

१. संपलेला सेल आतच राहणं. घड्याळ थांबलं, पण भिंतीवरून कुणी काढलं नाही. रिमोट खराब झाला, ड्रॉवरमध्ये गेला. सेल 'संपला' म्हणजे आपल्या कामापुरता संपला. आतल्या रासायनिक क्रिया चालूच असतात.

२. जुने-नवे सेल एकत्र घालणं. हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि मामांच्या टॉर्चचंही हेच होतं. दुकानात एकच सेल उरला होता म्हणून एक नवा आणि दोन जुने. तीन सेल एकामागे एक लावले की तिघांतून एकच प्रवाह वाहतो. जुना सेल आधी रिकामा होतो, पण नवा थांबत नाही, तो त्या रिकाम्या सेलमधून प्रवाह ढकलत राहतो. मग रिकाम्या सेलचं व्होल्टेज शून्याच्याही खाली जातं, म्हणजे तो उलटा चार्ज होऊ लागतो. आत वायू होतो आणि सेल फुटतो. कार्बन-झिंक आणि अल्कलाइन एकत्र घातले तरी हेच होतं.

३. उष्णता. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर याहून जास्त. उष्णतेत सेलमधल्या नको त्या क्रियाही जोरात होतात.

४. वय. न वापरलेला सेलही कायमचा टिकत नाही. त्यावरची तारीख बघा.

साफ करायला काय काय लागेल

• रबरी किंवा प्लॅस्टिकचे हातमोजे. नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा.
• चष्मा किंवा गॉगल. डोळ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.
• इअरबड, जुना टूथब्रश, जुनी वर्तमानपत्रं.
• अल्कलाइनसाठी पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.
• कार्बन-झिंकसाठी खायचा सोडा.
• आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल रिपेअरिंगच्या सामानाच्या दुकानात नुसतं 'आयपीए' म्हटलं तरी देतात. हँड सॅनिटायझरची जेल चालणार नाही, ती चिकट थर सोडते.
• बारीक पॉलिश पेपर किंवा पेन्सिलचं खोडरबर.

मी स्वतः काय चूक केली ते आधी सांगते. मामा समोर बसलेले, त्यामुळे मला पटकन करून दाखवायचं होतं. मोजे न घालता, एक मोठा स्क्रू-ड्रायव्हर टॉर्चमध्ये घालून सेल उचकटायला गेले. जस्ताचा डबा आधीच पातळ झालेला, तो फाटला. काळा लगदा बोटांवर, ड्रेसवर आणि आईच्या दिवाळीत धुतलेल्या चटईवर. आई जे बोलली ते इथे लिहित नाही. तो सेल कार्बन-झिंक होता म्हणून हात धुऊन भागलं. अल्कलाइन असता आणि थेंब डोळ्यात उडाला असता तर दिवाळी दवाखान्यात गेली असती.

म्हणून नियम पहिला: सेल कापू नका, टोचू नका, ड्रिल करू नका, तापवू नका. काही व्हिडिओंमध्ये सेलमध्ये मोठा स्क्रू फिरवून तो ओढून काढतात. ते करू नका, आणि लिथियम सेलला तर चुकूनही नाही. त्याला भोक पाडलं तर आग लागू शकते.

अडकलेला सेल बाहेर कसा काढायचा

रिमोट, घड्याळ, बीपी मशीन: यात सेल एका बाजूने उघडा असतो, त्यामुळे काम सोपं आहे. वस्तू उलटी धरून हलकेच आपटा. निघाला नाही तर सेलच्या दोन्ही टोकांना योग्य द्रवाचे दोन-तीन थेंब सोडा: अल्कलाइन असेल तर व्हिनेगर, कार्बन-झिंक असेल तर सोड्याचं पाणी. पाच मिनिटं थांबा. मग लाकडी आइसक्रीमची काडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरून धन टोकाकडून, म्हणजे जिथे स्प्रिंग नाही तिकडून, हळूच उचला. धातूचं हत्यार नको. त्याने सेल फाटतो आणि पत्रीही तुटते.

नळीसारखी टॉर्च: खरी परीक्षा इथे. मामांच्या टॉर्चवर दुसऱ्या दिवशी मी हे असं केलं:

१. टॉर्च दोन्ही बाजूंनी उघडली. पुढची काच, आरसा आणि बल्ब काढून बाजूला ठेवले. काढण्याआधी प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढला, म्हणजे परत लावताना डोकं खाजवायला नको.

२. अर्धा कप कोमट पाण्यात एक चमचा खायचा सोडा कालवला. टॉर्च जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात उभी करून हे पाणी आत ओतलं. बारीक बुडबुडे आले. आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड निघतो, ते हे बुडबुडे. दहा मिनिटं थांबले.

३. पाणी ओतून दिलं. जुनं पोतं चार घड्या करून अंगणात ठेवलं आणि टॉर्चचं उघडं तोंड खाली करून त्यावर आपटलं. सेल जागचा हलला नाही. परत सोड्याचं पाणी, परत दहा मिनिटं.

४. मोठ्या सेलचा व्यास साधारण ३४ मिलिमीटर असतो. त्याहून बारीक लाकडी दांडा हवा. आमच्याकडे पोछ्याचा तुटलेला दांडा होता. तो पुढच्या बाजूने आत घालून सेलच्या टोकावर मधोमध टेकवला आणि वरून हलके ठोके दिले. नळीच्या भिंतीलगत बटणाची पत्री असते, तिला धक्का लागू दिला नाही.

५. तिसऱ्या वेळेला 'कर्र' आवाज झाला आणि सेल सरकला. बाहेर आला तेव्हा अर्धा डबा गळून गेलेला.

टॉर्चची बॉडी ॲल्युमिनियमची असेल आणि आत अल्कलाइन सेल फुटला असेल, तर ते द्रावण ॲल्युमिनियमलाही खातं. अशा वेळी सेल नळीशी अगदी एकजीव झालेला असतो. व्हिनेगरचे चार-पाच थेंब, दहा मिनिटं, ठोके, असं तीन-चार वेळा करून बघा. तरी निघाला नाही तर सोडून द्या. दोनशे रुपयांच्या टॉर्चसाठी डोळा धोक्यात घालू नका.

आतली साफसफाई: चार पायऱ्या

१. कोरडी पूड आधी काढा. वस्तू वर्तमानपत्रावर उलटी धरून ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारू नका. पूड उडून डोळ्यात जाते.

२. निष्प्रभ करा. इअरबड व्हिनेगरमध्ये (अल्कलाइन) किंवा सोड्याच्या घट्टसर पाण्यात (कार्बन-झिंक) बुडवून पत्र्या आणि स्प्रिंग पुसा. फसफसणं थांबेपर्यंत बड बदलत राहा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करू नका. दोघं एकमेकांनाच संपवतात आणि उरतं नुसतं खारट पाणी. बड निथळून घ्या, द्रव सर्किटच्या पाटीवर वाहू देऊ नका.

३. धुऊन काढा. साध्या पाण्याने ओलसर केलेल्या बडने दोनदा पुसा. लिंबू वापरलं असेल तर ही पायरी चुकवू नका, नाहीतर आत चिकटपणा राहतो. मग आयपीएने पुसा. आयपीए पाण्याला सोबत घेऊन उडून जातं, म्हणून ते शेवटी. आयपीए पेट घेतं, गॅसच्या शेगडीपासून लांब बसा.

४. घासा, पण जपून. पत्रीवर काळा-हिरवा थर राहिला असेल तर आधी खोडरबर, नाहीच गेलं तर बारीक पॉलिश पेपर. स्प्रिंगवर निकेलचा पातळ मुलामा असतो. तो घासून काढला तर खालचं लोखंड पहिल्याच पावसाळ्यात गंजतं. चकचकीत करायची गरज नाही. जिथे सेल टेकतो तेवढी जागा स्वच्छ झाली की पुरे.

नंतर वस्तू उघडीच ठेवून किमान चार-पाच तास पंख्याखाली वाळवा. मगच नवे सेल घाला.

चालू झालं की नाही, हे मोबाइलने तपासा

रिमोटसाठी एक मस्त युक्ती. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं पुढचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट चालू आहे, दोष टीव्हीकडे बघा. रिमोटचा इन्फ्रारेड प्रकाश आपल्या डोळ्याला दिसत नाही, पण बऱ्याच कॅमेऱ्यांना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारं फिल्टर अनेकदा चांगलं असतं, म्हणून सेल्फी कॅमेरा वापरा. आधी चालू असलेल्या दुसऱ्या रिमोटवर करून बघा, म्हणजे तुमच्या फोनला दिसतं की नाही ते कळेल.

ठिपका दिसला नाही तर बहुतेक स्प्रिंग आतून तुटलेली असते किंवा तिच्यापासून निघणारी वायर गंजलेली असते. अल्कली वायरच्या आत शिरून पुढे सरकतं, वरून कव्हर चांगलं दिसतं आणि आत तांबं काळं पडलेलं असतं. साधा मल्टिमीटर असेल तर कंटिन्युइटीवर ठेवून तपासा. नसेल तर कोपऱ्यावरचा मोबाइल रिपेअरिंगवाला दोन मिनिटांत सांगेल. स्प्रिंग आणि पत्री बदलणं हे त्याच्यासाठी छोटं काम आहे.

बीपी मशीन साफ करून चालू झालं तरी एक काळजी घ्या. पहिले दोन-तीन आकडे डॉक्टरकडच्या मशीनशी ताडून बघा. आजीची गोळी त्या आकड्यावर ठरते. जुळत नसेल तर हळहळू नका, नवीन घ्या.

अंगावर उडालं तर

त्वचेवर लागलं तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. बोटं बुळबुळीत लागत असतील तर अल्कली अजून गेलेलं नाही, धूत राहा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून १५ ते २० मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. डोळ्यात लिंबू, व्हिनेगर, सोडा, गुलाबपाणी यातलं काहीही घालू नका.

चपट्या सेलबद्दल वेगळं सांगते. लहान मुलाने तो गिळला असा नुसता संशय आला तरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजायला लागतो. हा सेल न फुटताही धोकादायक असतो. बदललेला जुना सेल मुलांच्या हाताला लागेल असा टेबलावर ठेवू नका.

आणि मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर या लेखातलं काहीही तिला लागू नाही. ती लिथियम-आयन आहे. चार्जिंग बंद करा, दाबून झाकण बसवू नका, टोचू नका, फोन सर्व्हिस सेंटरला द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सेल उन्हात ठेवला की परत चालतो, खरं का?
थोडा वेळ, हो. उष्णतेने आतल्या क्रिया जरा वेगाने होतात, म्हणून रिमोट आणखी दोन दिवस चालतो. सेल चार्ज होत नाही. उलट डबा आधीच पातळ झालेला, त्यात उष्णता, म्हणजे फुटायला आमंत्रण. दातांनी चावून सेल चालवण्याची युक्ती तर कृपया विसरा.

सेल फुटलाय पण मीटरवर दीड व्होल्ट दाखवतो. वापरू का?
नाही. सील गेलं की गेलं. तो झिरपतच राहणार.

सेल जमिनीवर आपटून उसळला तर संपलेला, हे खरं का?
फक्त अल्कलाइनसाठी, आणि तेही अर्धवट. ताजा अल्कलाइन सेल उभा सोडला तर 'धप्' करून बसतो, वापरलेला उसळतो, कारण आतली ओली जस्ताची भुकटी घट्ट होत जाते. पण अर्धा वापरलेला सेलही चांगलाच उसळतो. म्हणजे उसळला तर तो नवा नाही एवढंच कळतं.

फुटलेला सेल टाकायचा कुठे?
चुलीत किंवा शेकोटीत अजिबात नाही, तो फुटून उडतो. पूर्वी मुलं सेल फोडून आतली कार्बनची कांडी काढायची आणि फरशीवर चित्रं काढायची, तेही नको. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा बरणीत बंद करा आणि ई-कचरा गोळा होतो तिथे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार सगळ्या प्रकारचे सेल परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आधीचे २००१ चे नियम फक्त लेड-ॲसिड बॅटऱ्यांसाठी होते. चाकाच्या कचराकुंडीवर फुली मारलेलं चिन्ह दिसलं की समजा: हा नेहमीच्या कचऱ्यात टाकायचा नाही.

परत फुटू नये म्हणून

• सगळे सेल एकदम बदला. एकच कंपनी, एकच प्रकार, एकच पाकीट.
• महिनाभर लागणार नसेल ती वस्तू सेल काढून ठेवा. घड्याळ थांबलं की त्याच दिवशी सेल काढा.
• सेलवर मार्करने घातल्याची तारीख लिहा. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि पावसाळ्याच्या आधी, सगळ्या वस्तू उघडून बघा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दरवर्षी येणारं रिमाइंडर लावा, दोन मिनिटांचं काम आहे.
• रोज वापरायच्या वस्तूत चार्ज होणारे सेल परवडतात. त्यांचं व्होल्टेज १.२ असतं, त्यामुळे काही घड्याळं आणि रिमोट कुरकुर करतात, ते आधी तपासा.
• महाग किंवा जिवाच्या कामाच्या वस्तूत अगदी स्वस्तातले सेल घालू नका.

मामांच्या टॉर्चचं काय झालं?

सेल निघाला, नळी साफ झाली, पण मागच्या झाकणातली स्प्रिंग पूर्ण खाल्ली गेली होती. बोट लावताच तुकडा पडला. एका जुन्या बंद टॉर्चची स्प्रिंग काढून बसवली. बल्ब चांगला होता. तीन नवे सेल, एकाच पाकिटातले, घातले आणि बटण दाबलं. मामांनी आधी उजेड भिंतीवर पाडला, मग अंगणात, मग कडुनिंबाच्या शेंड्यावर.

आता ते दर महिन्याला झाकण उघडून बघतात. मोबाइल खिशात असतोच, पण तो फोन लावण्यासाठी, रस्ता बघण्यासाठी नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. त्यांच्या धुऱ्यापर्यंत ती पोचेल तेव्हा पोचेल, तोवर रात्रीची पाळी आहे आणि टॉर्चही आहे.

तुमचे आई-बाबा, आजी-आजोबा, गावाकडचे काका-मामा अशा वस्तू वापरत असतील. त्या 'जुन्या झाल्या' म्हणून हसण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. आणि हा लेख घरच्या ग्रुपवर पाठवायला विसरू नका.